साहेबांची आवड

शाळेत एकदा मी शेजारच्या मुलाचं गणित जसंच्या तसं उतरवलं होतं, अगदी त्याच्या नावासकट. तेव्हा नकलेच्या बाबतीत माझं मत तज्ज्ञाचं समजायला हरकत नाही.

मॉस्कोत १९४५ साली ‘झिस-११०’ ही आलिशान गाडी निघाली. तोंडवळा थेट अमेरिकन पॅकार्डचा! लगेच आवई उठली, की रूझवेल्टसाहेबांनी पॅकार्डचे साचेच रशियाला देऊन टाकले. पण त्या व्यवहाराचा कागद काही सापडलेला नाही, आणि दोन्ही गाड्यांच्या पत्र्यांची मापंही जुळत नाहीत. म्हणजे गणित स्वतः सोडवलेलं. अक्षराचं वळण तेवढं दुसऱ्याचं!

का? तर स्टॅलिनला पॅकार्ड आवडे. त्याच्या राज्यात चुकीवर लाल रेघ मारत नसत, चूक करणारा माणूसच खोडत. तिथे ‘साहेब, मला एक नवीनच आकार सुचलाय’ म्हणायची छाती कुणाची? मुख्य रचनाकार ऑस्त्रोव्त्सेव्ह यांनी साहेबांच्या आवडीचाच चेहरा दिला. १९४६ साली त्यांना स्टॅलिन पारितोषिक मिळालं.

मला छड्या मिळाल्या होत्या. आता कळतं, गुरुजींना कुणाचं अक्षर आवडतं, ते मी आधी पाहायला हवं होतं.