लनुव्हियम येथील अंत्यविधि-मंडळाचा शिलालेख

अंत्यविधीच्या खर्चाची तजवीज हयातींतच हप्त्यांनीं करून देण्याचा धंदा हल्लीं अनेक विमा कंपन्या करतात. या पद्धतीचें मूळ प्राचीन रोमन लोकांत दाखवितांना लनुव्हियम येथील शिलालेखाकडे बोट करण्याचा प्रघात आहे. तो आधार कितपत खरा, हें येथें पाहावयाचें आहे.

लनुव्हियम हें रोमच्या आग्नेयीस सुमारें ३२ किलोमीटरांवरील गांव. लेख तेथें १८१६ सालीं सांपडला. त्याचा काळ इ. स. १३६, म्हणजे हेड्रिअन बादशहाच्या कारकीर्दीची अखेर. डायाना देवी व बादशहाचा दिवंगत प्रियपात्र अँटिनोअस यांच्या नांवें इ. स. १३३ त निघालेल्या एका मंडळाचे नियम त्यांत कोरले आहेत. नव्या सभासदानें नियम आधीं पुरते वाचावे, मागाहून तक्रार करूं नये व वारसाच्या गळ्यांत तंटा अडकवूं नये, असें आरंभींच बजाविलें आहे. हा इशारा आजच्या विमापत्रावरहि शोभेल.

प्रवेशाची फी १०० सेस्टर्स व चांगल्या मद्याचा एक रांजण; पुढें दरमहा ५ आस. मृत्यूनंतर अंत्यविधीस ३०० सेस्टर्स मिळत, पैकीं ५० चितेपाशीं वांटावयाचे. चार आसांचा एक सेस्टर्स, तेव्हां वर्षाची वर्गणी १५ सेस्टर्स झाली. मद्य सोडून हिशेब केल्यास १३ वर्षें ४ महिन्यांनीं सभासदाचे ३०० भरून होत. आधीं मरणाऱ्याची तूट इतरांनीं सोसावयाची. वीस मैलांपलीकडे कोणी वारल्याची खबर आल्यास तिघांनीं जाऊन व्यवस्था करावी, प्रत्येकास वाटखर्च २० सेस्टर्स, व हिशेबांत लबाडी आढळल्यास चौपट दंड. आत्महत्या करणाऱ्यास कांहीं नाहीं.

येथवर विम्याशीं साम्य खरें. परंतु वय पाहून वर्गणी ठरविल्याची खूण लेखांत नाहीं. मॉमसेननें १८४३ त अशा मंडळांचा केवळ अंत्यविधीसाठीं असलेला निराळा वर्ग कल्पिला, त्यावर पुढील संशोधकांनीं आक्षेप घेतले. ते आम्हांस रास्त वाटतात. याच लेखांत मेजवानीच्या यजमानानें प्रत्येकास दोन आसांचा पाव व चार सार्डिन मासे द्यावे, इथपर्यंत बारकावा आहे. माणसें मरणासाठीं जमत तशीं जेवणासाठींहि जमत.

आमच्या मतें लेखांतील सर्वांत मोलाचें कलम गुलामांविषयींचें आहे. गुलामांस सभासद होतां येई. जो मुक्त होईल त्यानें मद्याचा एक रांजण द्यावा, असा नियमहि आहे. पण गुलाम वारला आणि धन्यानें किंवा धनिणीनें अन्यायानें प्रेत दिलें नाहीं, तर त्याचा काल्पनिक अंत्यविधि करावा, असें तें कलम सांगतें. ‘अन्याय’ हा शब्द मूळ लेखांतलाच आहे. वर्गणी भरलेली, पैसा तयार, पण देहावर मंडळाचा हक्क नाहीं! प्रेताऐवजीं प्रतिकृति ठेवून हा विधि होत असावा, असा अर्थ बहुधा लावतात. आपल्याकडील पालाशविधीची येथें आठवण होते. मात्र पळसाच्या पानांचा पुतळा, देह सांपडला नाहीं म्हणून करतात. लनुव्हियमच्या त्या गुलामाचें प्रेत कोणाच्या घरीं आहे, हें त्याच्या सोबत्यांस ठाऊक असे.