मांजर : उतारवयातील वजन व शरीरस्थिती

पाळीव मांजराचे वजन, चरबी आणि स्नायू यांची ठराविक काळाने पाहणी करून नोंद ठेवणे, यास शरीरस्थितिमापन म्हणतात. पशुवैद्यकात ही पद्धत अलीकडची असली, तरी तिचे मूळ शेळ्यामेंढ्यांच्या व्यवहारात आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर तालुका हा उस्मानाबादी शेळीच्या मूळ प्रदेशात मोडतो. तामलवाडीसारख्या तेथील गावांत शेळी पारखणारा तिच्या कमरेवर व फासळ्यांवर हात फिरवतो. कारण भरल्या पोटाने डोळा फसतो, बोटे सहसा फसत नाहीत.

या हातपारखीला अंकांचे रूप मेंढीपालनात मिळाले. टास्मानियात जेफरीज यांनी १९६१ मध्ये मेंढीच्या कमरेचे मणके चाचपून शून्य ते पाच गुण देण्याची रीत मांडली. स्कॉटलंडमधील रसेल, डोनी व गन यांनी १९६९ मध्ये तिचा शरीरातील प्रत्यक्ष चरबीशी संबंध दाखविला. मांजराची पाळी फार उशिरा आली. मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्येच निघाले होते, पण त्या काळच्या विद्येचा भर घोडे व गुरे यांवर असे. ज्या प्राण्याला बाजारभाव नाही, त्याची कमर चाचपण्याची गरज कोणास वाटणार? अखेर १९९७ मध्ये डॉटी लाफ्लाम यांनी मांजरासाठी नऊ अंकी श्रेणी तयार केली. तीत एक म्हणजे अतिकृश, पाच म्हणजे आदर्श व नऊ म्हणजे अतिस्थूल.

ही श्रेणी मुख्यतः चरबी मोजते, आणि दहा वर्षांवरील मांजरात नेमकी येथेच फसगत होते. पोट लोंबते, तर पाठीचे व मांड्यांचे स्नायू झडत असतात. म्हणून जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघाने २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्नायुस्थिती स्वतंत्रपणे पाहण्यास सांगितले. त्यासाठी कणा, खांद्याची फरे, कवटी व कटीची हाडे चाचपतात.

वजन घटले की ‘वयच झाले’ असे म्हणून सोडून देण्याची रीत घातक आहे. मांजरातील अवटू ग्रंथीच्या अतिक्रियेचे वर्णन प्रथम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले; तीत मांजर अधाशासारखे खाते व तरीही वाळते, आणि भूक चांगली म्हणून घरचे निर्धास्त राहतात. जीर्ण मूत्रपिंडविकार झालेल्या ५६९ मांजरांच्या २०१६ मधील अभ्यासात वजनाची घट निदानाच्या सुमारे तीन वर्षे आधीपासून सुरू झालेली आढळली.

चार किग्रॅ.च्या मांजराचे चारशे ग्रॅ. घटणे म्हणजे साठ किग्रॅ.च्या माणसाचे सहा किग्रॅ. घटणे होय, परंतु केसांमुळे ते दिसत नाही. एकट्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा, हे तत्त्व १९७५ पासूनच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीच्या वजन-आलेखामुळे खेड्यांतही परिचित आहे. मांजराला पिशवीत किंवा टोपलीत ठेवून दरमहा त्याच काट्यावर, खाण्यापूर्वी तोलतात व पिशवीचे वजन वजा करतात. माणसाने मांजर कडेवर घेऊन मोठ्या काट्यावर उभे राहिल्यास शंभर-दोनशे ग्रॅ.चा फरक निसटतो.