तूप, डालडा आणि आजीची पळी

आमच्या नात्यात चार डोकी जमली की हा वाद हमखास निघतो: तूप खावं की नाही? एक पक्ष म्हणतो, "आपल्या आज्या साजूक तूप खाऊनच नव्वदीला पोचल्या." दुसरा लगेच कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट पुढे करतो. मला मात्र नेहमी वाटतं की या भांडणात तिसरा एक पक्ष गैरहजर असतो. तो म्हणजे डालडा.

१९३२ साली मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला आणि १९३७ मध्ये 'डालडा' बाजारात आला. निकेलच्या मदतीने तेलात हायड्रोजन जिरवला की ते तुपासारखं घट्ट होतं. साजूक तुपाहून स्वस्त आणि टिकाऊ. हां हां म्हणता दिवाळीचे लाडू, शंकरपाळे, लग्नाच्या पंगती सगळं त्याने काबीज केलं. रिकाम्या डब्यात तुळशी लागल्या! तुपात त्याची भेसळही होऊ लागली. ती परीक्षेत पकडता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली.

पुढे १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्राणिज चरबी कमी करून वनस्पतीजन्य तेलं वापरण्याचा सल्ला दिला. तो द्रवरूप तेलांबद्दल होता. पण आपल्याकडे "झाडाचं ते हलकं" या समजुतीत डालडाही खपून गेला.

१९९० साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी ५९ माणसांवर आहाराचा प्रयोग केला. हायड्रोजन जिरवताना तयार होणारं ट्रान्स फॅट वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, असं त्यात दिसलं. म्हणजे तुपाला पर्याय म्हणून आलेला पदार्थ तुपाहून वाईट निघाला. भारतात तेल-वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा यायला मात्र २०२२ उजाडलं.

मग तूप निर्दोष सुटलं का? तर नाही. त्यात साठ टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते. १५ ग्रॅमच्या मोठ्या चमच्यात साधारण ९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २००० कॅलरी खाणाऱ्याची दिवसाची मर्यादा जेमतेम २२ ग्रॅम आहे.

आणि आज्यांचं म्हणाल, तर आमच्या आजीच्या घरी तुपाची बरणी कुलपात असे. वरणभातावर छोट्या पळीने धार पडे: आधी पुरुषांच्या पानात, मग मुलांच्या. बायका शेवटी बसत, तेव्हा बरणी बहुधा परत कपाटात गेलेली असे. तेव्हा "आज्या भरपूर तूप खायच्या" हे म्हणण्याआधी त्या काळी तूप कुणाच्या पानात पडत होतं, तेही विचारायला हवं.

असो. तुमच्या घरी बरणीची किल्ली कुणाकडे असायची?