हाक, हाका आणि मौन

मराठी शिकारकथांच्या वाचकाला ‘हाका’ नवा नाही. डबे-ढोल बडवून जनावर रानाबाहेर काढायचे आणि बंदुकीसमोर आणायचे, अशी ती रीत. अमेरिकेतील रानटर्कीच्या वसंतातील शिकारीत मात्र हाका नसतो, हाक असते. आणि हाकेइतकेच महत्त्व तिच्यानंतरच्या मौनाला असते.

याचे कारण निसर्गक्रमात आहे. वसंतात पहाटे नर झाडावरून साद घालतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो, म्हणजे हा क्रम उलटवू पाहतो. अधीरपणे पुन्हापुन्हा हाक दिली, तर नर जागीच पिसारा फुलवून वाट पाहत राहतो. हाक थांबली, तरच तो शोधत येण्याचा संभव.

साधने पुष्कळ होती. टर्कीच्याच पंखाच्या हाडाची नळी जुनी; १८९७ मध्ये हेन्री गिब्सन यांनी लाकडी पेटीच्या हाकयंत्राचे पेटंट घेतले. परंतु हाक केव्हा थांबवावी, हे कोणतेही यंत्र सांगत नव्हते. ते ज्ञान जुन्या शिकाऱ्यांजवळ होते. त्यांपैकी चार्ल्स जॉर्डन यांची १९०९ मध्ये लुईझियानात गोळी घालून हत्या झाली. त्यांची टिपणे एडवर्ड मॅकइलहेनी यांनी मिळवली आणि १९१४ मध्ये रानटर्की व तिची शिकार यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथावर नाव मॅकइलहेनींचे; आतला अनुभव बव्हंशी जॉर्डन यांचा.

हा ग्रंथ आला तेव्हा जंगलतोड आणि अनिर्बंध शिकार यांमुळे पक्षीच नाहीसा होत चालला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी रानात सोडण्याचे प्रयोग फसले. रानातील मादीकडून मिळणारे शिक्षण त्यांना लाभले नव्हते. पुढे १९५० च्या दशकापासून जाळ्यांनी रानटी पक्षी पकडून ते ओसाड झालेल्या रानांत सोडण्यात आले, आणि ते स्थिरावेपर्यंत तेथे शिकार बंद ठेवली गेली. १९७३ च्या सुमारास संख्या १३ लाखांच्या घरात पोचली.

एकट्या शिकाऱ्याने झाडाआड बसून पाळावयाचा संयम येथे राज्यांना वर्षानुवर्षे पाळावा लागला. तो पाळला गेला, म्हणूनच हाकेला उत्तर देणारा पक्षी आज रानात आहे.