काट्यावरचे पाणी

श्रोतेहो, फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले माझे गाव. आमच्याकडे काटा म्हटला की आधी धानाचा काटा आठवतो. खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. म्हणून शेतकरी धान अंगणात, रस्त्याच्या कडेला पसरून वाळवतो. वाळला की वजन उतरते, पण दाणा तोच राहतो.

मागच्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातला एक कुस्ती खेळणारा मुलगा घरी आला. जरा वेळ इकडचे तिकडचे बोलला आणि मग हळूच म्हणाला, "चाचा, तुमच्या बीपीच्या औषधात लघवीची गोळी असते ना? दोन द्या. परवा वजन आहे. दीड किलो जास्त भरतंय."

मी गोळी दिली नाही. पण नुसते 'नाही' म्हणून भागणार नव्हते. त्याला कारण सांगायला हवे होते. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. औषधांचे शास्त्र माझे नव्हे. म्हणून या गोळीचा इतिहास वाचायला बसलो. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

लघवी मोकळी करणारी औषधे जुनीच. आयुर्वेदात त्यांना मूत्रल म्हणतात. पुनर्नवा आणि गोखरू, म्हणजे पायात रुतणारा आपला सराटा, ही त्यातली नेहमीची नावे. युनानी हकीम त्यांना मुदिर-ए-बौल म्हणतात. आधुनिक औषधाची सुरुवात मात्र योगायोगाने झाली. १९१९ साली व्हिएन्नातील एका रुग्णालयात गरमीच्या रोग्याला पाऱ्याचे इंजेक्शन दिले, तेव्हा लघवीचे प्रमाण एकदम वाढल्याचे आल्फ्रेड फोगल या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. पुढे कित्येक वर्षे पाऱ्याची इंजेक्शनेच वापरात होती. १९५८ मध्ये क्लोरोथायाझाइड ही तोंडाने घ्यायची गोळी बाजारात आली आणि साठच्या दशकात जर्मनीच्या होक्स्ट कंपनीचे फ्युरोसेमाइड आले. आपण त्याला लॅसिक्स म्हणून ओळखतो.

या गोळीचे उपकार मी विसरू शकत नाही. अब्बांचे हृदय थकले तेव्हा पायांवर इतकी सूज चढायची की चप्पल घालता येत नसे. रात्र उशीला टेकून, बसून काढावी लागे. गोळी सुरू झाली आणि काही दिवसांत सूज उतरली. ते पुन्हा मशिदीत चालत जाऊ लागले. गोळी मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकायला लावते आणि मिठामागे पाणी जाते, एवढेच तिचे काम. आजारी शरीरात साचलेले पाणी काढले तर माणूस वाचतो. निरोगी शरीरात मात्र साचलेले पाणी नसतेच. तिथे गरजेचेच पाणी जाते.

मग ही गोळी खेळाडूच्या हाती कशी गेली? वजनकाट्यामुळे. आपल्या गावच्या आखाड्यात जोड नजरेने लावत. ऑलिंपिकची कुस्ती, वेटलिफ्टिंग, मुष्टियुद्ध यांत वजनगट आले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. सकाळी गोळी घ्यायची, काट्यावर हलके भरायचे आणि खालच्या गटात, लहान चणीच्या खेळाडूशी लढायचे. दुसरा उपयोग याहून वाईट. लघवी पातळ झाली की तिच्यातले उत्तेजक द्रव्यही विरळ होते आणि तपासणीत निसटू शकते. एका चोरीवर दुसरी चोरी पांघरूण घालते.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने बंदी असलेल्या औषधांची पहिली यादी १९६७ मध्ये केली, पण ही औषधे तिच्यात बऱ्याच नंतर आली. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाचे वेटलिफ्टर मित्को ग्राब्लेव्ह आणि अँजेल गेन्चेव्ह यांची सुवर्णपदके फ्युरोसेमाइडमुळे काढून घेतली गेली आणि त्यांचा उरलेला संघ माघारी फिरला. २००० मध्ये सिडनीला महिलांचे वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले. तिथे आपल्या कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक मिळवले आणि बल्गेरियाच्या इझाबेला द्रागनेव्हाने ४८ किलो गटातले सुवर्ण याच औषधापायी गमावले.

क्रिकेटही सुटले नाही. २००३ च्या विश्वचषकात पहिल्या सामन्याआधीच शेन वॉर्नला घरी परतावे लागले. गोळी आईने दिली होती, असे त्याने सांगितले. तरी एक वर्षाची बंदी बसली. औषध वेगळे, पण बेसावधपणा तोच, असे आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉचे झाले. खोकल्याच्या औषधात सापडणाऱ्या टर्ब्युटालिनमुळे २०१९ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी आली. शरीरात काय गेले, याचा जबाब खेळाडूलाच द्यावा लागतो. खरोखर आजार असेल तर आधी रीतसर परवानगी मागता येते.

पदक गेले तर पुन्हा मिळेल, जीव मिळत नाही. पाण्याबरोबर पोटॅशियम जाते, हृदयाचे ठोके चुकतात, पेटके येतात. वर आमचा वैशाखाचा उन्हाळा! मोहम्मद बेनाझिझा हा नामवंत शरीरसौष्ठवपटू १९९२ मध्ये स्पर्धेनंतर काही तासांतच दगावला. त्या मृत्यूशी अशाच औषधांचे नाव जोडले जाते.

त्या मुलाला मी खाशाबा जाधवांची गोष्ट सांगितली. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनला ५२ किलो गटात लढला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला तो ५७ किलो गटात उतरला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आला. वजन उतरवून नव्हे, वरच्या गटात जाऊन.

मुलगा काही न बोलता निघून गेला. मी रात्रभर अस्वस्थ होतो. मी दिली नाही तरी गोळी दुसरीकडून मिळवणे अवघड नव्हते. चार दिवसांनी तो आला. वरच्या गटात नाव दिले होते आणि पहिल्याच फेरीत हरला होता. माझ्यावर थोडा रागही होता. अम्मीने त्याच्यापुढे ताकाचा पेला ठेवला. तो त्याने एका दमात संपवला आणि दुसरा मागितला. मला तेवढे पुरे होते.

श्रोतेहो, आपल्या घरातल्या पोराचे वजन स्पर्धेच्या आदल्या रात्री एकाएकी उतरले, तर शाबासकी देण्याआधी एकदा विचारा, कसे उतरले? धान वाळवला तर दाणा टिकतो. माणसाचे तसे नाही.