अलफ, लाख आणि महापद्म

जुन्नरजवळच्या नाणेघाटात एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा, दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख कोरलेला आहे. यज्ञांच्या वेळी काय काय दान दिले, याचा तो हिशेब. त्यात १०,००१ गायी आहेत, २४,४०० कार्षापण आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यात मोठ्या संख्या लिहिल्याचा हा फार जुना पुरावा.

त्या लिहिल्या कशा, हे पाहण्यासारखे आहे. २४,४०० लिहायला आपल्याला पाच आकडे लागतात. नाणेघाटात तीन खुणा पुरल्या: एक वीस हजारांची, एक चार हजारांची आणि एक चारशेंची. शून्य नाही, आणि त्याची गरजही नाही; कारण खुणेची किंमत तिच्या जागेवरून नव्हे, तिच्या आकारावरून ठरत असे. मात्र संख्या वाढत गेली, की दर टप्प्याला नवी खूण घडवावी लागणार. अशी पद्धत कुठेतरी थकणारच.

ही अडचण सोडवली ती शून्याने आणि स्थानाच्या किमतीने. तोच आकडा एक घर डावीकडे सरकला, की दसपट होतो. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त या घरांची अठरा नावे दिली: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. पूर्वसूरींनी ही नावे व्यवहारासाठी योजली, असे ते सांगतात.

ही परंपरा त्यांच्याही आधीची. १०३०च्या सुमारास अल्-बिरूनी या विद्वानाने हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले, की इतर लोकांची संख्यानामे हजारापाशी थांबतात, इथले लोक मात्र अठराव्या स्थानापर्यंत नावे देतात. अरबीत हजाराला ‘अलफ’ म्हणतात. पुढे १५८७मध्ये अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने ‘लीलावती’ फारसीत नेली.

हा ‘अलफ’ आपल्या पुण्यातही होता. पेशवे दप्तरातील मोडी कागदांवर साल लिहिलेले आढळते, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. हे पानिपतचे साल. साल असे अरबीत, आणि मुलखाचा वसूल मात्र लाखांत. त्या वसुलाला आपण ‘रक्कम’ म्हणतो, तो शब्दही अरबीतून आलेला. लिहिणाऱ्या कारकुनाला यात काही वावगे वाटले नाही.

पुढे नावे मागे पडली. एक कारण असे, की ती एका जागी टिकत नाहीत. ‘लीलावती’तले अर्बुद म्हणजे दहा कोटी, हिंदीतला ‘अरब’ म्हणजे शंभर कोटी. इंग्रजांचेही तेच झाले. ब्रिटनमध्ये ‘बिलियन’ म्हणजे लाख कोटी असे. १९७४पासून तिथल्या सरकारी आकडेवारीत तो शंभर कोटींचा झाला. शास्त्राने म्हणून नावांची वाट सोडली. फ्रान्समधील देकार्त याने १६३७मध्ये वापरलेल्या रीतीने दहाच्या डोक्यावर १७ लिहिले, की परार्ध झाला. तिथे ५० लिहा, नाहीतर ५००; नवा शब्द लागत नाही.

लिहिणे सोपे झाले, पण संख्या मनात उतरली का? जुलै २०२४मध्ये मांडलेल्या केंद्रीय अंदाजपत्रकात खर्चाचा आकडा ४८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. लाख कोटी म्हणजे भास्कराचार्यांचे महापद्म. वर्तमानपत्रात आपण ‘लाख’ वाचतो, ‘कोटी’ वाचतो. दोन्ही शब्द ओळखीचे, म्हणून पुढे जातो. पैसा आपलाच असतो, पण तो किती, हे कळलेले नसते.

त्याला एक साधा उपाय आहे. रुपयांच्या जागी सेकंद ठेवून पाहावे. लाख सेकंद म्हणजे जेमतेम २८ तास. कोटी सेकंद म्हणजे सुमारे ११६ दिवस. लाख कोटी सेकंद म्हणजे मात्र जवळजवळ ३१,७०० वर्षे. नागनिकेच्या लेखाला त्यातली दोन हजारांहून थोडी अधिक वर्षे झाली आहेत.