क्रँककेसची शिवण: टू-स्ट्रोक इंजिन, कसारा घाट आणि लाख

नाशिकहून मुंबईकडे कसारा घाट उतरताना जुने जावा-येझदीस्वार एक सवय पाळत. थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी नुसती उतारावर सोडायची नाही. अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यायची. ही हौस नव्हती. या इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. थ्रॉटल बंद झाला की तेलही आटते, आणि उतारावर चाके मात्र इंजिनाला फिरवीतच राहतात. सवयीचे मूळ शोधू लागलो की एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडपर्यंत जावे लागते.

स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लर्क याने १८८१ साली टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात ताजे मिश्रण ढकलण्यासाठी वेगळा पंप होता. बाथ शहरातील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास तो पंपच काढून टाकला. पिस्टन खाली येताना त्याच्या खालची पोकळी आपोआप दाबली जाते, मग तीच पंप का होऊ नये, असा त्याचा विचार. क्रँक ज्या पेटीत फिरतो ती क्रँककेस अशा रीतीने इंजिनाचे फुप्फुस बनली. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. स्वस्त दुचाकी जगभर पोहोचली ती बरीचशी या काटकसरीमुळे.

तिची किंमत मात्र होती. फोर-स्ट्रोक इंजिनाची क्रँककेस गळली तर जमिनीवर तेलाचा डाग पडतो. टू-स्ट्रोकची गळली तर इंजिनाचा श्वास बिघडतो. आतला दाब वातावरणाच्या दाबाहून फार तर तिसऱ्या हिश्शाने किंवा निम्म्याने वाढतो. मिनिटाला ४००० फेऱ्या होत असतील तर ४००० वेळा ओढ आणि ४००० वेळा ढकल. केसाएवढ्या फटीतून शिरलेली हवा कार्ब्युरेटरला वळसा घालते. मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रणाने तापमान चढते, आणि तेल पेट्रोलसोबतच येत असल्याने नेमक्या त्याच वेळी वंगणही घटते. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे ३०० मीटरची चढण पूर्ण भाराने चढताना अशा इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

क्रँकचा दांडा जिथून बाहेर पडतो ती जागा बंद करणे सर्वांत अवघड, कारण तिथे एक भाग स्थिर आणि दुसरा गरगर फिरणारा. येथे उपयोगी पडले जर्मनीतील एका कातडी कमावणाऱ्या कारखान्याचे काम. वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग कंपनीने १९२९ साली वाल्टर झिमर या ऑस्ट्रियन अभियंत्याच्या कल्पनेवरून ओठासारखी कड असलेले, स्प्रिंगने आवळलेले सील बाजारात आणले. ती कड प्रथम चामड्याची होती. कृत्रिम रबर १९३० च्या दशकात आले. आज गॅरेजमध्ये ज्याला नुसते ‘ऑइल सील’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

योगायोग असा की १९२९ सालीच प्रागमध्ये फ्रांतिशेक यानेचेक याने मोटारसायकलींचा उद्योग सुरू केला. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धात, जर्मन ताब्याच्या काळात, तेथील अभियंत्यांनी गुप्तपणे २५० सीसीचे नवे मॉडेल तयार केले. त्याच्या वंशातील गाड्या मार्च १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागल्या. १९७३ मध्ये त्यांचे नाव येझदी झाले. त्याच दशकांत पोलंडच्या आराखड्यावरून आलेली राजदूत, आकुर्डीची चेतक आणि १९७२ पासून अहमदनगरची ५० सीसीची लूना महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आल्या. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि ओझरचा विमान कारखाना वाढत असताना नाशिकच्या कामगाराला परवडणारे वाहन बहुधा टू-स्ट्रोकच होते. गंमत म्हणजे सातपूरच्या मायको कारखान्यात डिझेल नोझलच्या सुया काही मायक्रॉनच्या अचूकतेने घासून बसवल्या जात, तिथे पॅकिंगची गरजच नसे. त्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींची इंजिने मात्र कागद, रबर आणि लाखेवर तग धरून होती.

असे इंजिन ‘बांधणे’ हे खोलण्याहून कठीण काम. खोलतानाच निम्मा निकाल लागतो. क्रँककेसचे दोन अर्ध सुटत नसतील तर घाईत फटीत पेचकस घालून उचकटण्याचा मोह होतो. मऊ ॲल्युमिनियमवर पडलेला तो ओरखडा पुढे कायमची गळती ठरतो. कुशल मिस्त्री केस तापवतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे बेअरिंग हातोड्याविना आपल्या घरातून निघते आणि तसेच बसते. जुने पॅकिंग बोथट पात्याने काढायचे, पृष्ठभाग सपाट काचेवर ठेवून तपासायचा. क्रँक दाबून जोडलेला असतो. त्याच्या दोन्ही चकत्या एका रेषेत फिरतात की नाही हे न पाहता नवे सील बसवणे व्यर्थ, कारण डुलणारा दांडा सीलची कड महिन्याभरात खातो.

जावाच्या इंजिनात दोन सीलांचे दोष वेगवेगळे दिसतात. डाव्या बाजूस प्रायमरी चेन आणि क्लच गिअरऑइलमध्ये फिरतात. तिकडचे सील गेले की इंजिन ते तेल ओढून पिते आणि सायलेन्सरमधून दाट धूर निघतो. उजवीकडे डायनॅमो आहे. तिकडचे सील गेले की धूर नाही, डाग नाही. थ्रॉटल सोडला तरी रेस खाली उतरत नाही, एवढीच खूण. घात होतो तो या दुसऱ्याने.

शिवणीचा प्रश्न राहतो. काही इंजिनांत दोन अर्धांमध्ये कागदी पॅकिंग असते, काहींत धातूवर धातू आणि मध्ये केवळ पातळ लेप. हा लेप अनेक दशके शेलॅकचा असे. शेलॅक म्हणजे पळस, कुसुम अशा झाडांवरील कीटकांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पांडवांना जाळण्यासाठी जिचे घर बांधले तीच ही लाख. पेट्रोल तिला विरघळवू शकत नाही, हा तिचा मोठा गुण. इंजिन पुन्हा खोलायचे झाले तर स्पिरिटचा बोळा फिरवला की पृष्ठभाग ओरखड्याविना स्वच्छ होई.

बांधलेले इंजिन फ्रेममध्ये चढवण्यापूर्वी इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडे बंद करून आत सुमारे ६ पौंड दाबाची हवा भरतात आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहतात. डॉक्टरांचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र यासाठी नेमके पुरते, कारण त्याचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब. काटा उतरला तर शिवणीवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडा चूक दाखवतो.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला आणि २००० च्या प्रदूषण मानकांनी टू-स्ट्रोकचा काळ आवरता घेतला. या इंजिनात ताज्या मिश्रणाचा मोठा हिस्सा न जळताच एक्झॉस्टमधून निसटतो. त्या दोषावर स्वस्तातले उत्तर नव्हते. उरलेल्या गाड्यांपुढे आता निराळाच पेच आहे. पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊसकरी महाराष्ट्राला तो चांगला पैसा देतो. पण इथेनॉल म्हणजे मद्यार्क, आणि लाख मद्यार्कातच विरघळते. त्यातील ऑक्सिजनमुळे मिश्रण आणखी पातळ होते, जुन्या रबराच्या कडा फुगतात. म्हणून आज जावा बांधताना इथेनॉल सोसणाऱ्या रबराची सीले आणि हवेचा संपर्क तुटल्यावर घट्ट होणारे नवे लेप वापरावे लागतात. साधे सिलिकॉन तिथे चालत नाही. पेट्रोलमध्ये ते फुगते आणि त्याचे तुकडे आत जातात. नवे लेप टिकतात, पण स्पिरिटच्या बोळ्याने निघत नाहीत. पुढच्या वेळी ती क्रँककेस उघडणाऱ्याला पुन्हा पाते हाती घ्यावे लागेल, त्याच मऊ ॲल्युमिनियमवर.